पाणी गिळणारा दगड

सह्याद्रीत चाळीस वर्षे पायी हिंडलेल्या माणसाला कोणतीही दरी वाचता येते, असा एक समज माझ्या मनात नकळत घट्ट बसला होता. दरीत उतरताना पाण्याचा कानोसा घ्यावा, ओढा सापडला की त्याला धरून खाली जावे, तो कड्यावरून उडी घेत असेल तर मागे फिरून शेजारची सोंड गाठावी, आणि वाट चुकलीच तर पाणी जिकडे जाते तिकडे जात राहावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी वाडीतले कुत्रे भुंकताना ऐकू येते, ही त्या वाचनाची बाराखडी. हा समज मागच्या वर्षी जुलै महिन्यात, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात, एका नदीच्या पात्रात मधोमध बसून दशम्या खाताना मोडला. पात्र होते, दोन्ही काठ होते, काठांवरून आत झुकलेली झाडे होती, थोडे मागे एक दगडी पूलही होता. नदी मात्र नव्हती.

आमची मुलगी नोकरीनिमित्त डर्बी शहरात राहते. आम्ही दोघे दीड महिन्यासाठी तिच्याकडे गेलो होतो, आणि कोथरूडच्या आमच्या रविवारच्या टोळीने निघतानाच बजावले होते की लंडनच्या घड्याळाचे फोटो पाठवू नका, डोंगराचे पाठवा. डर्बीपासून तासाभराच्या अंतरावर पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९५१ साली जाहीर झाले. नाव मोठे असले तरी तिथला सगळ्यात उंच माथा ६३६ मीटरचा, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजले तर आपल्या सिंहगडाच्या निम्म्याच्या आसपास. उत्तरेकडचा मुलूख काळपट वालुकाश्माचा, त्याला डार्क पीक म्हणतात. दक्षिणेकडचा चुनखडीचा, तो व्हाइट पीक. ‘‘बाबा, कुठे जायचं?’’ असे मुलीने विचारले तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही. काळा कातळ जन्मभर पाहिला होता.

चुनखडीची पहिली नीट ओळख दरीत नव्हे, एका गडग्यात झाली. व्हाइट पीकच्या पठारावर मैलोन्मैल असे गडगे आहेत, चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून बांधलेले. पायी चालणाऱ्याला शेतातून जाता यावे म्हणून त्यांत जागोजागी दोन उभे दगड रोवून मध्ये मांडीएवढी फट ठेवलेली असते. माणूस अंग चोरून पलीकडे जातो आणि मेंढी अडते, अशी ती योजना. माझ्या वयाच्या माणसाचे पोटही थोडे अडते. अशाच एका फटीत आडवा होऊन श्वास आत घेत असताना हाताखालच्या दगडाकडे लक्ष गेले. त्यात चकत्या होत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, गोल, मधोमध बारीक भोक असलेल्या. काही सुट्या, काही एकावर एक रचलेल्या, पोत तुटून मणी ओल्या गिलाव्यात पडावेत आणि तसेच वाळावेत तशा. नख फिरवले तर त्या दगडाच्या पृष्ठभागावरून किंचित उठून लागत होत्या, कारण पावसाने भोवतालचा दगड थोडा अधिक झिजवला होता.

त्या चकत्या म्हणजे समुद्रकमळाच्या देठांचे तुकडे. नावात कमळ असले तरी तो प्राणी आहे, तारामाशाच्या गोतातला, देठाने समुद्राच्या तळाला धरून राहणारा. साधारण तेहतीस कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, उबदार समुद्र पसरलेला होता. त्यातले देठ, शिंपले आणि प्रवाळ मरत गेले, साचत गेले, दाबले गेले, आणि त्यांचाच हा दगड झाला. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे या दगडापुढे अगदी काल-परवाचा. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात, वाघोलीच्या खाणींतले निळे स्फटिक तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. पण तो दगड मुळात आगीतून आलेला. इथे मात्र मी ज्याला टेकून श्वास घेत होतो, तो सबंध खांब कधी काळी जिवंत होता. सौभाग्यवतींनी मागून विचारले, ‘‘अहो, अडकलात का?’’ मी अडकलो होतो, पण ते कारण वेगळे.

चुनखडी आणि पाणी यांचे नाते समजून घ्यायला खरे तर इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी सुरू झाले की गीझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात पांढरा, खरखरीत थर धरतो. पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून कितीतरी अधिक मातीतला, कार्बन डायऑक्साइड उचलते. त्याचे सौम्य आम्ल होते. ते जमिनीतून झिरपताना वाटेतला चुना विरघळवून बरोबर घेते. पुढे पाणी तापले किंवा उघड्या हवेत आले की वायू निसटतो आणि चुना पुन्हा खाली बसतो. पातेल्यातला थर हा या गोष्टीचा शेवट. तिची सुरुवात म्हणजे व्हाइट पीकच्या दऱ्या. तिथे चुना वाटेत थोडाथोडका नसतो, सगळा डोंगरच चुन्याचा असतो. म्हणून पाणी भेगेत शिरते आणि भेग रुंदावत जाते, तिचे भोक होते, भोकाचे विवर होते, आणि काही हजार वर्षांनी आख्खी नदी त्यातून खाली उतरू लागते.

हे सगळे मी पुस्तकी अर्थाने जाणत होतो. तरीही मॅनिफोल्ड नदीच्या दरीत मी फसलो, आणि त्याला थोडी ती आगगाडीही कारण झाली.

मॅनिफोल्डच्या काठची वाट एका जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही छोटी गाडी १९०४ साली सुरू झाली, आसपासच्या गोठ्यांतले दूध वाहत राहिली, आणि १९३४ साली बंद पडली. रूळ उचलल्यावर १९३७ मध्ये तीच वाट पायी चालणाऱ्यांना खुली झाली. ह्यूम एंड या गावी, जिथे गाडीचे शेवटचे स्टेशन होते, तिथून आम्ही निघालो. मुलगी चालता चालता फोनवरून तिचा इतिहास वाचून दाखवत होती आणि मी अर्धवट ऐकत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘बाबा, हा इंजिनिअर बघा, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. ह्यानं आधी बार्शी लाइट रेल्वे बांधली होती.’’

मी जागच्या जागी थांबलो. बार्शी माझे आजोळ. कुर्डुवाडी ते बार्शी हा त्या गाडीचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला, पुढे ती पंढरपूरला आणि लातूरलाही पोहोचली, आणि तिचेही रूळ असेच अडीच फुटांचे. आषाढीच्या दिवसांत तिच्यात पाय ठेवायला जागा नसे, हे आजीच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकले होते, आणि लहानपणी तिच्या खिडकीतून डोके बाहेर काढून डोळ्यांत कोळशाचे कण घालूनही घेतले होते. बार्शीला जे जमले ते आपल्या देशातल्या या दरीत करून पाहावे, असे कॅल्थ्रॉपला वाटले असावे. मॅनिफोल्डच्या इंजिनांच्या कपाळावर तर वसाहतींतल्या गाड्यांसारखे मोठे दिवे होते. कमी भाड्यात, कमी खर्चात, चढ टाळत, डोंगर न फोडता नदीच्या कलाने जाणारी गाडी. चढ टाळायचा म्हणून तिने नदीची सोबत सोडली नव्हती, आणि म्हणून आम्हीही ती सोडणार नव्हतो. आजोळची गाडी भेटल्यावर माणसाचा विश्वास वाढतो. पुढे पाणी मिळेलच, या भरवशावर मी पाठीवरच्या दोनपैकी एक बाटली हातपाय धुण्यात संपवली.

ह्यूम एंडला नदी होती. गुडघाभर, निवळशंख, तळाचे गोटे मोजता येतील अशी. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत गेले, हिरव्या उतारांतून पांढुरके कडे डोकावू लागले, आणि वेटन मिल या जुन्या पाणचक्कीच्या जागी आम्ही चहा प्यायलो. त्यानंतर थोड्याच अंतरावर नदी पातळ होऊ लागली. ती अचानक संपली नाही. आधी मधले गोटे उघडे पडले, मग प्रवाहाच्या दोन-तीन धारा झाल्या, मग एकच उरली, आणि ती ओंजळीएवढी धार काठाजवळच्या दोन धोंड्यांमधून आत गेली. मी गुडघे टेकून तिथे कान लावला. न्हाणीघरातल्या मोरीतून शेवटचे पाणी उतरताना जसा आवाज होतो, हुबेहूब तसा आवाज आतून येत होता. त्याच्या पुढे कोरडे पात्र, आणि पात्रभर अळूसारख्या रुंद पानांचे रान.

महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात येते तेच माझ्या मनात आले. वर कुणीतरी पाणी वळवले असणार. मी मागे वळून बंधारा, पाट, निदान एखादा पंप शोधू लागलो. मुलगी हसून म्हणाली, ‘‘कुणी नाही चोरलं, बाबा. नदी खालीच आहे.’’ तीन आठवडे पाऊस नव्हता, आणि अशा कोरड्या दिवसांत मॅनिफोल्ड इथे जमिनीत उतरते ती थेट आयलम गावाजवळ वर येते. मधले काही मैल ती खडकाच्या पोटातून चालते. हिवाळ्यात पाणी वाढले की विवरांत मावत नाही, मग उरलेले वरच्या पात्रातून वाहते. म्हणजे पात्र खोटे नव्हते, नुसते त्या दिवशी रिकामे होते. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराचा उगम मला ठाऊक नाही, पण त्या दुपारी मला तो लावला गेला होता आणि लावणारी वस्तूही चुनाच होती.

मग आम्ही त्या पात्रातच बसलो. एका सपाट दगडावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सौभाग्यवतींनी पुण्याहून आणलेले स्टीलचे फुलपात्र मांडले. प्लास्टिकच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलेले त्यांना चालत नाही, त्यामुळे हे फुलपात्र आमच्याबरोबर राजगडापासून सगळीकडे हिंडलेले आहे. डोक्यावर झाडांची सावली, पायाखाली कोरडे गोटे आणि त्यांच्या खाली कुठेतरी वाहती नदी, असे जेवण आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

थॉर्स केव्ह ही गुहा त्याच दरीत पात्रापासून बरीच वर, कड्याच्या तोंडाशी आहे. खालून पाहिले की डोंगराने जांभई दिल्यासारखे दिसते. अश्मयुगापासून माणसे तिथे येत राहिली आहेत, आणि या गोष्टीचा मला चांगलाच प्रत्यय आला, कारण लाखो पावलांनी तिची उंबऱ्याजवळची जमीन घोटून गुळगुळीत केलेली आहे. बसाल्ट कोरडा असला की बुटाला धरतो. तो घसरतो तेव्हा वर शेवाळ असते, आणि शेवाळ डोळ्यांना दिसते. इथे शेवाळ नव्हते, चिखल नव्हता, नुसता किंचित ओलसर पांढरा दगड होता, आणि मी त्यावर बेफिकीरपणे पाय टाकला. पुढच्या क्षणी कोपर आणि कंबर दोन्ही शेकून निघाली. चाळीस वर्षांत नाणेघाटाच्या नाळेत जे झाले नाही ते झाले. एक इंग्रज आजोबा आपल्या काठीवर रेलून शांतपणे म्हणाले की इथे बसूनच उतरायचे असते, आणि मग ते स्वतः बसून उतरले.

गुहेत बसून कोपर चोळताना समोरची दरी नीट दिसली, आणि एक साधा प्रश्न पडला. पाणी जर खाली उतरून जाते, तर एवढी खोल दरी वरून कोरली कोणी? याचे उत्तर हिमयुगात आहे. त्या काळातल्या अतिथंड टप्प्यांत इथली जमीन खोलवर गोठलेली असे. भेगांमध्ये बर्फ बसला की चुनखडीलाही पाणी गिळता येत नाही. मग उन्हाळ्यातले वितळते बर्फ वरूनच लोंढ्याने वाहते आणि दरी खोदते. पुढे हवा उबदार झाली, भेगा मोकळ्या झाल्या आणि पाणी आत गेले. व्हाइट पीकमध्ये अशा कितीतरी दऱ्या आहेत, ज्यांत बाराही महिने पाण्याचा थेंब वाहत नाही, नुसते गवत आणि मेंढ्या असतात. नदी सोडून गेलेल्या या दऱ्या रिकाम्या वाड्यांसारख्या वाटतात, दिवाणखाना जागच्या जागी आणि माणसे कुठेच नाहीत.

तिथून पठारावर चढून आयलमला पोहोचेपर्यंत उरलेली बाटलीही संपली. तहानेने जीव कासावीस झाला तेव्हा सौभाग्यवतींच्या लक्षात आले की फुलपात्र पिशवीत नाही. ते पात्रातल्या त्या सपाट दगडावरच राहिले होते. परत जाणे शक्य नव्हते. आयलमच्या उद्यानात, झाडांच्या दाट सावलीत, कड्याच्या पायथ्याशी नदी वर येते ती जागा मुलीने दाखवली. झऱ्यासारखी ती झुळझुळत नाही. पाण्याचा पृष्ठभाग आतून कुणीतरी ढकलावा तसा फुगतो, पसरतो आणि पुन्हा फुगतो, आधण येण्याच्या बेतात असलेल्या पातेल्यासारखा. हात घातला तर बर्फासारखे गार. सकाळी ह्यूम एंडला ज्यात पाय बुडवले होते त्यातलेही काही पाणी यात असणार, हा विचार माझ्या मनातून बराच वेळ गेला नाही.

शेजारच्या डव्हडेलबद्दल फार लिहीत नाही. दरी देखणी आहे, चुनखडीचे सुळके आहेत, नदी ओलांडायला ओळीने मांडलेले दगड आहेत, आणि डव्ह नदी तिथे वरूनच वाहते. पण त्या दगडांवर पाय ठेवायला रांग होती, आणि रविवारच्या सिंहगडाची आठवण यावी इतकी माणसे होती. फोटो काढून आम्ही परत फिरलो. लॅथकिल डेल मला त्याहून अधिक आवडली. तिथे उताराच्या कडेला निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे होते, आणि तिथेही नदीचा वरचा भाग उन्हाळ्यात नाहीसा होतो. फरक इतकाच की तिथे निसर्गाला माणसाने मदत केलेली आहे. जुन्या शिशाच्या खाणी पाण्याने भरू नयेत म्हणून खाणवाल्यांनी डोंगराच्या पोटातून पाणी काढून देणारे बोगदे खणले. खाणी केव्हाच बंद पडल्या, बोगदे मात्र अजून इमानाने पाणी काढत आहेत.

या मुलखात पाण्याची किंमत कशी वाढते हे पठारावरच्या गावांत दिसते. पाऊस भरपूर पडतो आणि जमिनीवर थांबत नाही. त्यामुळे मोन्यॅशसारख्या, चिकणमातीचा थर आयता मिळालेल्या जागी तळी झाली आणि गावे वसली, आणि शेतकऱ्यांनी गुरांसाठी चिकणमातीचे अस्तर देऊन डबकी बांधली. टिसिंग्टन गावात दरवर्षी वसंत ऋतूत विहिरी सजवतात: लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबतात आणि मोठमोठी चित्रे उभी करतात. आम्ही गेलो तेव्हा तो सण होऊन गेला होता, नुसते फोटो पाहिले. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘ही तर आपली रांगोळीच की, फक्त उभी.’’ आपल्याकडे जलपूजनाला विहिरीला हळदीकुंकू वाहतात, ते त्यांनी मुलीला तिथेच सविस्तर सांगितले. मला मात्र आठवण झाली ती शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांची. डोंगराच्या माथ्यावर कातळ खोदावा आणि त्यात बारमाही पाणी राहावे, हे आपण इतके गृहीत धरतो की त्यात दगडाचा काही गुण आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. चुनखडीच्या डोंगरावर तसे टाके खोदले असते तर गडकऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात गड सोडावा लागला असता.

एक गोष्ट मात्र तिथल्या दगडाची नसून माणसांची. या सगळ्या वाटा खाजगी शेतांतून जातात, आणि तरीही पायी चालणाऱ्याचा हक्क कायद्याने शाबूत आहे. गडग्यावर छोटा पिवळा बाण असतो, तो दिसला की निःशंक चालावे. हे आपोआप झालेले नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये याच पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटच्या माळावर शेकडो लोक मालकांची बंदी मोडून चढले, आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगवास भोगला. मावळात आणि मुळशीत आमच्या माहितीच्या कितीतरी जुन्या पाऊलवाटा गेल्या वीस वर्षांत फार्महाउसच्या तारेच्या कुंपणांआड गेल्या, आणि आम्ही टोळीवाल्यांनी दर वेळी निमूटपणे वळसा घातला, हे तिथे चालताना सारखे बोचत राहिले.

परत आल्यावर दिवाळीनंतरच्या रविवारी मीच निघोजचा बेत काढला. पारनेर तालुक्यात, मळगंगेच्या देवळाशी, कुकडी नदीने कातळात रांजणखळगे कोरले आहेत. आम्ही ते दहा वेळा तरी पाहिले असतील. या वेळी मी काठावर आडवा होऊन एका रांजणात खांद्यापर्यंत हात घातला. आतली भिंत घासलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत, आणि तळाशी लिंबाएवढे वाटोळे गोटे. भोवऱ्यात सापडलेले असेच गोटे पुरामागून पूर गरगरत राहिले आणि त्यांनी हा रांजण घोटला. इथे विरघळण्याचा प्रकार नाही, दगडाने दगड झिजवायचा. आणि पूर ओसरून इतके दिवस झाले तरी रांजणातले पाणी तसेच होते, शेवाळलेले, पण जागच्या जागी. आमच्या टोळीत एक निवृत्त पाटबंधारे अभियंते आहेत. त्यांना मी मॅनिफोल्डची हकीगत सांगितली, तेव्हा ते रांजणात डोकावत म्हणाले, ‘‘म्हणून तर चुनखडीत धरण म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा. चाळणीत दूध तापवायचं कुणी?’’

डिसेंबरात मुलगी मित्रमंडळींबरोबर पुन्हा त्या दरीत गेली होती. तिने फोटो पाठवला. तोच पूल, त्याच झाडांच्या आता निष्पर्ण फांद्या, आणि काठोकाठ भरून वाहणारी गढूळ मॅनिफोल्ड. आम्ही जेवायला बसलो होतो तो सपाट दगड कुठे होता हे ओळखायला काहीच खूण उरली नव्हती. सौभाग्यवतींनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला, आणि फोन माझ्या हातात परत देत म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझं फुलपात्र आता आयलमला निघणार.’’